काठाने तारलेला माग

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि सोलापूर भागात दुष्काळ पडला. दुष्काळात सगळ्यात आधी ओस पडते ती कापडाची पेठ. घरातले किडूकमिडूक विकून माणसे ज्वारी आणतात आणि नवे लुगडे पुढच्या वर्षावर ढकलतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या कणगीत थोडे दाणे शिल्लक असतानाच विणकराच्या घरची चूल थंडावलेली असते. सरकारी मदत म्हणजे दुष्काळी काम, आणि दुष्काळी काम म्हणजे खडी फोडणे, माती वाहणे. जन्मभर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेल्या माणसाला उन्हात दगड फोडायला लावायचे. बरे, त्या कामाने हात एकदा खरबरीत झाले, की पुढे बारीक सूत त्याच हातांना अडकते. हे ओळखून टिळक सोलापूरला गेले, तिथल्या व्यापाऱ्यांशी आणि पुढाऱ्यांशी बोलले आणि विणकरांना त्यांच्याच मागावर काम देण्याची योजना त्यांनी मांडली. मुंबई सरकारने ती मान्य केली नाही.

त्या काळच्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारले असते, तर त्याने सांगितले असते की हा धंदा तसाही चार दिवसांचा सोबती आहे. मँचेस्टरचे कापड गावोगावच्या बाजारात पोचले होते, मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी होती, खुद्द सोलापुरात १८७७ पासून गिरणी चालू होती. हातमाग संपणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. शाळेत आपण अजूनही तेच शिकतो: यंत्र आले आणि हाताचा धंदा बुडाला.

तसे झाले नाही. त्या दुष्काळानंतरची चाळीस वर्षे सोलापुरात माग वाढत गेले. मालेगाव, इचलकरंजी, पलीकडे इरकल आणि गुळेदगुड्ड इथे मागांचा आवाज थांबला नाही. १९४१-४२ साली केंद्र सरकारच्या चौकशी समितीने देशभर पाहणी केली, तेव्हा हातमाग सुमारे २० लाख भरले आणि देशात खपणाऱ्या कापडाचा निदान पाव हिस्सा त्यांच्यावर विणला जात होता. हे का झाले याची कारणे अनेक आहेत. पण आपल्या भागापुरते एक कारण मला सगळ्यांत मोठे वाटते. बाजारात बसून लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहणाऱ्या बाईने हातमाग वाचवला. तिचे हे श्रेय इतिहासात फारसे कुठे नोंदलेले नाही.

विणकाम म्हणजे मुळात दोनच गोष्टी. उभे ताणलेले धागे, तो ताणा. त्यांच्यातून आडवा जाणारा, तो बाणा. ताण्यातले एकाआड एक धागे वर उचलायचे, मधल्या फटीतून धोटा पलीकडे टाकायचा, फणीने धागा ठोकून बसवायचा, मग खालचे धागे वर आणि वरचे खाली करून धोटा परत आणायचा. जगातल्या सगळ्या कापडाचा पाया एवढाच आहे. आपल्याकडे हे काम किती जुने, तर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही दोन गावे येतात. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड, मलमल असा माल गाड्यांतून बिनवाटेच्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई, असे तो लिहितो. पैठण कापडासाठी नावाजले ते पुढे. पेशवाईत तर माधवरावांनी आसावली नक्षीचे दुपट्टे लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी अशा रंगांत हवेत म्हणून पत्र लिहिल्याचा दाखला आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले. येवल्याच्या पाटलांनीही विणकरांना आणून घरे-जागा दिल्या असे सांगतात. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा सरदारी खप आटला. भरजरी मागांना पहिला मोठा तडाखा बसला तो इथे, यंत्राच्या कितीतरी आधी.

यंत्राने आधी मारले ते सूत. एक माग दिवसभर चालवायला अनेक चरखे लागत, आणि ते चरखे बहुतेक बायकांच्या हाती होते. त्यात विधवा होत्या, म्हाताऱ्या होत्या, ज्यांना घराबाहेर पडून मजुरी करता येत नव्हती अशा होत्या. विलायती सूत आले, मग देशी गिरण्यांचे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढे नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला चालू झाली. सुरुवातीच्या गिरण्यांचा मोठा धंदा सुताचाच होता. त्यांचे बरेचसे सूत चीनला जाई, उरलेले देशातल्या हातमागांना. हे सूत एकसारखे, स्वस्त आणि नंबरवारीने मिळणारे. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तो त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. विणकराने विसाच्या जागी चाळीसचे, साठचे सूत मागावर चढवले आणि त्याचे काम सोपे झाले. चरखा गेला आणि त्याच सुतावर माग तगला. हे दोन्ही एकाच वेळी घडले, आणि एकाची हळहळ करताना दुसरे विसरता कामा नये. चरख्यावर पोट भरणाऱ्या त्या बायकांचे पुढे काय झाले, ते मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

नंतर गेले पुरुषांचे कापड. पागोटे हा विणकरांचा मोठा आधार होता, आणि ते विणणारे वेगळे कारागीर असत. बघता बघता पागोट्याच्या जागी टोपी आली. अंगरखा जाऊन सदरा आला, त्याचे कापड ठाणातून फाडून मिळे. धोतर साधे, पांढरे, एकसुरी. गिरणीला याहून सोयीचे काही नाही. एकदा ताणा लावला की मैलोगणती तेच. पुरुष गिरणीच्या कपड्यात शिरले आणि विणकराकडे उरल्या त्या बायका.

त्या बायकांना पांढरे कापड चालत नव्हते. सवाष्णीचे लुगडे रंगीतच हवे. तेही नऊवारी, काष्टा घालून शेतात वावरणारीला आखूड लुगडे उपयोगाचे नाही. शिवाय रंग, चौकडी, काठाची रुंदी, पदराच्या पट्ट्या, सगळे जागोजागी वेगळे. संक्रांतीला काळी चंद्रकळा. कोकणात खपते ते खानदेशात खपत नाही, एका जातीत शोभते ते दुसरीत नेसत नाहीत. गिरणीमालकाने एकेका नमुन्याची शे-दोनशे लुगडी काढायची म्हटली, तर दर वेळी नवा रंगीत ताणा भरण्यातच त्याचा नफा जाई. चार-सहा लुगड्यांचा ताणा लावणाऱ्या कोष्ट्याला मात्र तेवढे काम पुरेसे होते.

आणि काठ. गिरणीची खरी अडचण तिथे होती, म्हणून ती जरा जवळून पाहू.

हिरव्या अंगाला लाल काठ हवा असेल, तर ताण्यात मधे हिरवे आणि दोन्ही कडांना लाल धागे लावता येतात. ते गिरणीलाही जमते. पण यंत्रमागाचा धोटा एक, आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जातो. त्याच्या पोटातल्या कांडीवर हिरवा धागा असेल, तर तो काठातल्या लालमधूनही हिरवाच जाणार. लालात हिरवे मिसळले, काठ मळकट झाला. पेठेत बसलेली बाई तो उजेडात धरते आणि बाजूला ठेवते.

हातमागावर तीन धोटे चालतात. दोन काठांसाठी लाल धाग्याचे दोन आणि अंगासाठी हिरवा एक. विणकर डावीकडचा लाल धोटा काठापुरता टाकतो. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे लाल धागा हिरव्या धाग्यात अडकवतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना मिठी घालून आपापल्या बाजूला परत वळतात. मग हिरवा धोटा अंगातून पलीकडे, आणि तिथे उजव्या काठाच्या लालशी तीच मिठी. मग फणीचा ठोका. प्रत्येक ओळीत दोनदा ही गाठभेट, आणि नऊवारी लुगड्यात अशा हजारो ओळी. ओढ जराशी जास्त झाली तर काठ चुण्या घेतो, कमी झाली तर सांध्यावर फट दिसते. रुंद मागावर हाताची पोच अपुरी पडे, म्हणून शेजारी एक पोरगा बसवलेला असे. पलीकडचा धोटा तो फेकी. असे विणलेल्या काठात ताणाही लाल, बाणाही लाल. त्या रंगाला खोली असते, आणि ती डोळ्यांना न शिकवता कळते.

विदर्भातल्या कोष्ट्यांनी याच सांध्याची नक्षी केली. मिठीची जागा दर ओळीला थोडी थोडी आत सरकवत न्यायची, मग एकदम बाहेर आणायची. काठाच्या कडेला करवतीसारखे दाते उमटतात. तीच करवत काठी. भंडारा जिल्ह्यात टसरवर ती आजही विणली जाते. आणि हीच पद्धत काठापुरती न ठेवता सबंध पदरभर नेली, की पैठणी होते. तिथे तीन धोट्यांच्या जागी पदराच्या रुंदीत लहान लहान कांड्या ओळीने ठेवलेल्या असतात. जरीच्या जमिनीत मोराची मान निळी, तर त्या मानेपुरता निळा धागा जातो, जरीला मिठी मारतो आणि परततो. वेल, मुनिया, कमळ, सगळे असेच. मागून लोंबणारा एकही धागा नाही. एका पदराला काही आठवडे, बारीक कामाला कित्येक महिने.

या सगळ्यात हाताने टाकायचा धोटाच चालतो, ही गोष्ट महत्त्वाची. जॉन के या इंग्रज विणकराने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा काढला होता. तो आपल्याकडे फार उशिरा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रुजला. साध्या कापडात त्याने एका माणसाचे काम जवळजवळ दुप्पट केले, आणि पुष्कळ विणकरांनी तो आनंदाने घेतला. विणकर जुन्याला चिकटून बसतात हा आरोप साफ खोटा आहे. गिरणीचे सूत, झटक्याचा धोटा, काठाच्या वेलबुट्टीसाठी मागावर बसवायची डॉबीची जोडणी, पुढे नकली रेशीम, जे परवडले ते त्यांनी घेतले. जे काठाला चालत नव्हते तेवढेच नाकारले.

इरकलच्या विणकरांनी तर आणखी एक युक्ती जपली. इरकल आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात; पण त्याच्या लुगड्याची गिऱ्हाइके अर्धी आपल्याकडची. तिथे अंगाचा ताणा सुती आणि पदराचा ताणा लाल रेशमाचा, वेगळाच लावतात. दोन्ही ताण्यांचे धागे एकेक करून फासात फास अडकवून जोडतात. पदराला शिवण नाही, तरी तो जणू स्वतंत्र कापडाचा. असा ताणा एका लुगड्यापुरताच लागतो. गिरणी या वाटेला जाऊच शकत नव्हती. शेजारच्या गुळेदगुड्डला खण निघत, चोळीच्या मापाचे, आणि ते मराठी घराघरांत ओटी भरायला जात. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांतून आजही जातात.

सोलापूरचे वळण वेगळे. थोरल्या माधवरावांच्या काळात तिथे विणकरांची पेठ वसली, १८६० मध्ये रेल्वे आली, आणि निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे दुष्काळापायी, पोटापायी येत राहिली. शहराचा पूर्व भाग त्यांनी भरून गेला. मार्कंडेयाची देवळे उभी राहिली, गल्ल्यांत तेलुगू ऐकू येऊ लागली. तिथे पहाटे पांजणी चाले: गल्लीच्या लांबीभर ताणा पसरायचा, त्याला पिठाच्या खळीचा हात द्यायचा, कुंच्याने धागे मोकळे करायचे आणि ऊन चढायच्या आत वाळवून गुंडाळायचे. खळ नीट बसली नाही तर फणीच्या घर्षणाने ताणा तुटतो आणि दिवस धागे जोडण्यात जातो. मागावर पुरुष दिसे, पण कांड्या भरणे, सूत उकलणे, खळ शिजवणे हे घरातल्या बायका-मुलांचे काम, आणि त्याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. एका मागामागे दोन-तीन माणसे राबत आणि मजुरी एकाची लागे.

म्हणून या काळाचे गोडवे गाताना हात आखडतो. माग टिकला, विणकर मात्र सावकाराच्या वहीत अडकला. सूत उधार, लुगडे त्याच्याच पेढीवर, भाव तो ठरवील तो. सोलापुरात कारखानदार उभे राहिले: एका वाड्यात पुष्कळ माग, त्यावर मजुरीने विणणारे, अंगावर उचल असलेले, आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता न येणारे. खादीच्या चळवळीनेही त्यांना फार आधार दिला नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादी घालून गेले होते. पुढे गांधींच्या काळात हाताने कातलेल्या सुताचा आग्रह धरला गेला, आणि गिरणीच्या सुतावर जगणारा विणकर त्या आग्रहात बसत नव्हता. चरख्याच्या सुताचे गुंते सोडवत बसणे त्याला परवडत नव्हते. हा पेच देशभक्ती कमी असल्याचा नव्हता, पोटाचा होता.

मग माग यंत्रावर गेला, आणि तो नेला विणकरांच्याच गावांनी. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथला पहिला यंत्रमाग बसवला. वीज पोचत गेली तशी मालेगाव, भिवंडी इथेही यंत्रमागाची खडखड सुरू झाली. या दोन्ही गावांत उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर होते. १८५७ च्या उठावानंतर त्यांचे बरेच पूर्वज दक्षिणेकडे निघून आले होते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग त्यांनी भंगाराच्या भावाने आणले, ठोकठाक करून घरातच मांडले. इचलकरंजीत या मागांवर रंगीत लुगडी आणि पातळे निघू लागली. गिरणीला जे जमले नव्हते ते लहान यंत्रमागवाल्याला जमले, कारण तोही कोष्ट्याप्रमाणेच थोडा माल काढून गिऱ्हाइकाचा कल पाहू शकत होता. हातमागाची सर्वांत मोठी ताकद त्याच्याच भाऊबंदांनी यंत्राला दिली. काठ खराखुरा लाल नव्हता, पण चालून जाण्याइतका लाल होता. आणि तो निम्म्या किमतीत असेल, तर वर्षाला दोन लुगडी घेणारी बाई किती काळ हट्ट धरणार?

स्वातंत्र्यानंतर काठ कायद्यात गेला. १९५० मध्ये धोतर-लुगड्यांचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले गेले. रंगीत काठाचे लुगडे गिरणीने काढू नये, असा हेतू. गिरण्यांवर त्याचा परिणाम झाला, यंत्रमागांवर फारसा नाही. थोडे माग असणाऱ्याला अबकारीत सूट होती, म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर चार भावांच्या नावे वाटले गेले. १९५४ च्या कानुनगो समितीने तर हातमाग हळूहळू यंत्रावर न्यावेत असेच सुचवले. १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, २२ वस्तू हातमागासाठी राखीव ठरल्या. यंत्रमागवाले सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९३ मध्ये कायदा टिकला, आणि १९९६ मध्ये यादी ११ वस्तूंवर आली. तोवर नऊवारीच कमी झाली होती. पाचवारी गोल पातळ आले, मग नायलॉन, पॉलिएस्टर. सोलापूरने लुगड्याचा नाद सोडून चादरी आणि टॉवेल धरले आणि त्यावर नाव कमावले. घरच्या बायकांच्या हातातल्या कांड्या गेल्या. पूर्व भागात या बायका विड्या वळू लागल्या.

तीन धोट्यांचा खरा काठ आता थोड्याच जागी उरला आहे, आणि जिथे उरला तिथे लग्नाकार्याच्या महाग कापडात. येवल्यात आणि पैठणला पैठणीचे माग चालतात; पैठणला राज्य सरकारच्या महामंडळाचे केंद्र आहे, आणि २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. बंगळुरूचे रेशीम, सुरतेची जर, आणि मागावर तोच जुना सांधा. शेजारीच यंत्रावरची पैठणी मिळते, दहावा हिस्सा किमतीत, आणि काचेपलीकडून दोन्ही सारख्याच दिसतात.

दुकानात गेलात तर पदर उलटा करून मागायचा. यंत्रावरच्या पदरात मागे धागे लोंबत असतात किंवा कापून टाकलेले दिसतात, बोटाला खरखर लागते. हातमागावरच्या पदरात मोर मागूनही तसाच असतो, फक्त तोंड दुसरीकडे. दुकानदार विश्वासाचा असेल तर तो हे आपणहून दाखवतो. नाही दाखवले तर विचारा. त्या एका प्रश्नावर येवल्यातल्या कुणाच्या तरी पुढच्या तीन महिन्यांचे काम अवलंबून आहे.